ओढ्याकाठची झाडी ठेवायची का काढायची?

शिवारातला

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहायलोय. प्रश्न घरचाच आहे पण इथं जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो.

कळंब तालुक्यात आमची वडिलोपार्जित अकरा एकर आहे, थोडी काळी थोडी मुरमाड. खालच्या अंगाला ओढा. पावसाळा सोडला तर कोरडाच असतो, पण दोन्ही काठांना बोरी, हिवर, करंज, शिंदी, घाणेरी असं दाट रान आहे. वरच्या अंगाला गायरान आणि त्याच्या वर बालाघाटाचे डोंगर. त्यामुळं डोंगरातून निघालेलं जनावर या झाडीच्या आडोशानं पार खाली मांजरा नदीपर्यंत उतरतं. लहानपणापासून बघतोय, कोल्हा, रानमांजर, साळिंदर, ससे, हरणं, एकदा पहाटं पाणी द्यायला गेलो तर तरस.

आता चुलत्यांचं म्हणणं असं की पोकलेन लावून ओढा सरळ करायचा, झाडी काढायची, वीस-बावीस गुंठे जमीन निघती आणि डुकरांचा अड्डा बी मोडतो. शेजाऱ्यानं त्याच्या हद्दीत केलंय. येळवस (वेळा अमावस्या) झाली की आमच्याकडं मशीन येणार.

माझं मन तयार होईना. पण "कामून नको?" असं चुलत्यांनी विचारलं की माझ्याजवळ धड उत्तर नसतं. मी म्हणलं जनावरं कुठं जातील, तर ते म्हणले "येडशीला अभयारण्य आहे की सरकारचं, तिथं राहतील". यावर काय बोलावं? जनावरांचं असं इकडून तिकडं जाणं खरंच एवढं महत्त्वाचं आहे का, का मी उगंच जीव लावून बसलोय?

कडबा_पेंढी

मी औसा तालुक्यातला. सात वर्षांपूर्वी मी झाडी काढली, त्यामुळं दुसरी बाजू मी सांगतो. हरभरा घाट्यात आला की डुकरं एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यावानी करून जातात. रोही (नीलगाय) आणि हरणांचा कळप बसला की कोवळी ज्वारी संपली. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत रान वाळून जातं. ज्याचं पोट शेतीवर नाही त्याला जनावर गोड वाटतं. तुम्ही रागावू नका दादा, पण चुलते रात्री जागलीला जातात का तुम्ही?

शिवारातला

रागवायचं काय त्यात, रास्त विचारलं. जागलीला चुलतेच जातात, मी सुट्टीला आलो तर जातो.

माळावरचा_अण्णा

जैवविविधता वगैरे शब्द मला येत नाहीत. मी शेरडं पाळतो, उस्मानाबादी, चाळीसेक आहेत. तुझ्या चुलत्यांना फक्त एक विचार की घरचाच बोकड किती वर्षं ठेवतात? दोन वर्षं झाली की आम्ही बोकड बदलतो, कारण त्याच्याच पाटी (तरण्या शेळ्या) वयात यायला लागतात. नाही बदलला की पुढच्या पिढीत करडं किरकोळ निघतात, कुठं आंधळं, कुठं पाय वाकडे, शेळ्या गाभडायला लागतात. हे आमच्या आजोबाला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. लाल कंधारी नाहीतर देवणी सांभाळणारा माणूस वळूसाठी तीस-चाळीस कोस जात होता, ते काय हौस म्हणून?

रानातल्या जनावराचा बोकड कोण बदलणार? त्यालाच चालत जावं लागतं. अन् जायची वाट तुझ्या ओढ्यातून आहे.

रानवाट

अण्णा, मी किनवटला शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि हा धडा एवढ्या सोप्या शब्दांत मला वीस वर्षांत सांगता आला नाही. उद्या वर्गात बोकडच सांगणार आहे.

अण्णांच्या बोलण्याला जोडून दोन उदाहरणं देते. ओडिशात सिमिलीपालला काही वाघ जवळजवळ काळे दिसतात, पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले. लोक कौतुकानं फोटो बघतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं की हे एका जनुकातल्या बदलामुळं होतं, आणि तिथले वाघ बाकीच्या वाघांपासून तुटलेले आणि थोडे असल्यामुळं तो बदल आपसातच फिरून वाढत गेला. रंगाचं चाललं असं म्हणू, पण तुटलेपणातून रोगही असेच वाढतात. दुसरं अमेरिकेतलं. फ्लोरिडातले पँथर वीस-तीसच उरले होते, शेपट्या मुडपलेल्या, हृदयात दोष, नरांमध्ये वंध्यत्व. शेवटी १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या तेव्हा पुढच्या पिढ्या धडधाकट निघाल्या. पूर्वी ही जनावरं आपापली चालत एकमेकांत मिसळत होती. मधे रस्ते आणि वस्त्या आल्या, मग माणसाला मधे पडून बोकड बदलावा लागला.

आता तुमच्या चुलत्यांच्या "येडशीला राहतील" बद्दल. येडशी रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. एका लांडग्याच्या कळपालाच दीड-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. म्हणजे अभयारण्य हा त्यांचा मुक्कामाचा एक वाडा झाला. त्यांचा संसार तुमच्या-आमच्या शिवारातच आहे.

मेंढका

रानवाट ताई बरोबर बोलल्या. आमचं घराणं मेंढपाळाचं, पाटोद्याकडचं. लांडगा मेंढराच्या मागं मागं चालतो. आमचा मेंढरांचा वाडा हलला की दोन दिवसांनी तो बी हलतो. आमचा बाप म्हणायचा, एखादं कोकरू त्याचं बी असतंय. त्याला गोळी घालावी असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

पण मला वेगळंच सांगायचंय. फिरणारं जनावर एकटं फिरत नाही, रान घेऊन फिरतं. शेंगा खाल्लेल्या मेंढरांच्या लेंड्यांतनं बाभळीचं बी जातं. ज्या रानात आम्ही मेंढरं बसवतो तिथं पुढच्या पावसाळ्यात कडेला बाभळी उगवतात, शेतकरी म्हणतो कुणी लावल्या? माघात ओढ्याकडंच्या दगडावर कोल्ह्याची लेंडी बघा, बोराच्या आठळ्यांनी गच्च भरलेली असती. कोल्हा दगडावर चढून मुद्दाम उंचावर घाण करतो, मग पाऊस आला की ते बी खाली वाहून जातं. तुमच्या ओढ्याच्या बोरी तुमच्या आज्यानं लावल्यात का? कोल्ह्यानं लावल्यात.

शिवारातला

मेंढका भाऊ, खरं सांगू का, मी आजवर कधी विचारच केला नव्हता की या बोरी लावल्या कुणी.

करडईचं_फूल

मी उदगीरची. सगळे चार पायांच्या जनावरांवर बोलायलेत म्हणून म्हणलं माशीची बाजू मी मांडते. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला दरवर्षी आग्या मोहोळं लागतात, एका वर्षी तर सात मोजली होती. काही महिने राहतात आणि एक दिवस सगळी उठून जातात, पुढच्या हंगामात परत त्याच टाकीला. आग्या माशी फुलांच्या हंगामाबरोबर गाव बदलती. मधल्या वाटेत तिला थांबायला झाड लागतं, पाणी लागतं, आणि फूल लागतं. पिकाची फुलं वीस दिवसांची. ती गेल्यावर कडुनिंब, करंज, बोर, हिवर यांच्यावरच ती तगून राहती.

माझ्या सासऱ्यांच्या काळात आमच्याकडं सूर्यफूल लई व्हायचं. सूर्यफुलावर माशी बसली नाही की मधले दाणे पोचट राहतात, दिसायला थाळीएवढं फूल आणि चोळलं की निम्मा भुसा. सासरे सकाळी हातात फडकं घेऊन एक-एक फुलावरनं हलकं फिरवायचे, आम्ही पोरी हसायचो. ते म्हणायचे माशा कमी झाल्यात बाई, आता हे काम आपल्यालाच करावं लागंल. झाडी काढून वीस गुंठे मिळतील, पण उरलेल्या अकरा एकरातल्या तुरीला-कांद्याच्या बियाला माशी कुठून येणार हे चुलत्यांना विचारा.

गोदाकाठ

पैठणहून. माशीवरून आठवलं, आता नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणावर, या एकदा सगळे. पट्टेरी कलहंस आलेत, चक्रवाक आलेत. कलहंस हिमालय ओलांडून येतो, लडाख-तिबेट-मंगोलियाकडनं. १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, पण अभयारण्याच्या पाण्यावर ते फक्त बसतात. चरायला आसपासच्या रानात आणि गाळपेरात (पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या पिकात) जातात. करकोचे तर हरभऱ्यासाठीच प्रसिद्ध. आणि चातक? जूनच्या तोंडावर आपण आभाळाकडं बघत बसतो तेव्हा तो आफ्रिकेकडून समुद्रावरून आलेला असतो आणि आपल्याच शिवारातल्या सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो. सातभाई कुठं राहतात? ओढ्याकाठच्या बोरी-बाभळीत. म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासाचं शेवटचं टोक शिवारातला-दादांच्या त्या वीस गुंठ्यांत आहे म्हणा ना.

कडबा_पेंढी

कलहंस नि चातक चांगलेच आहेत हो, ते माझा हरभरा नांगरत नाहीत. डुकराचं बोला. आणि फिरणं सगळंच चांगलं कसं? गाजरगवत फिरतच आलं की. येडी बाभूळ शेरडांच्या लेंडीतनंच पसरली. लाळ्या-खुरकूत एका बाजारातनं दुसऱ्या बाजारात फिरतो.

रानवाट

हा मुद्दा अगदी रास्त आहे आणि तो कुणीतरी काढायलाच हवा होता. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. पण त्यात फरक असा की ते समुद्र ओलांडून बोटीतून आलं, स्वतः चालत आलं नाही. त्याला खाणारा किडा, त्याच्याशी झगडणारं गवत मागंच राहिलं, म्हणून ते इथं माजलं. जे हजारो वर्षं एकमेकांच्या शेजारी राहून हळूहळू फिरतात त्यांना आवरणारेही बरोबरच फिरत असतात. आणि नांगरलेल्या, उघड्या पडलेल्या काठावर सगळ्यात आधी गाजरगवत आणि येडी बाभूळच येते. तुमच्या काढलेल्या काठावर आता काय उगवलंय, खरं सांगा.

माळावरचा_अण्णा

डुकराचं मी सांगतो. डुक्कर ओढ्यात राहतं हा आपला समज आहे, पण डुक्कर राहतं उसात. आमच्याकडं ऊस वाढला तशी डुकरं वाढली. सावली, पाणी, खाणं, सगळं एका जागी, बारा महिने. आणि पिल्लं उचलणारा लांडगा-तरस-बिबट्या मात्र हाकलून दिला. ओढा साफ केला तरी डुक्कर उसातनं येणारच. फक्त त्याच्या मागं येणारा यायचा बंद होईल.

जालनेकर

अण्णांचा मुद्दा बरोबर. मी ड्रायव्हर आहे, आठवड्यातनं दोनदा समृद्धीवरनं जातो. ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी कुंपण. रस्ता छान आहे, माझं पोट त्यावर चालतं, त्याला नावं ठेवणार नाही. त्यावर जनावरांसाठी खालून-वरून वाटा ठेवल्यात ते बी खरं. पण आधीच्या साध्या हायवेवर पंचवीस वर्षांत मी काय काय बघितलं ते सांगवत नाही. एकदा पहाटं तीनला खोकडीची मादी गाडीखाली आली, माझ्याच. उतरून बघितलं तर अंगावर दूध होतं तिच्या. कडेच्या नळकांडी पुलात पिल्लं असतील म्हणून टॉर्च घेऊन अर्धा तास शोधलं, सापडली नाहीत. त्या पुलाचं तोंड मातीनं बुजलेलं होतं. खालनं जायला वाट असती तर ती रस्त्यावर आलीच नसती.

पेंचच्या जंगलातल्या हायवेचं कुणाला माहीत असेल तर लिहा, तिथनं जाताना वरून काही दिसत नाही पण खालून वाघ जातात म्हणे.

रानवाट

जालनेकर दादा, तुमचं वाचून गलबलून आलं.

पेंचचं खरं आहे. नागपूर-शिवनी रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, जनावरांसाठी ९ ठिकाणी खालून मोकळी जागा ठेवली, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटर. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावले तर १८ जातींची रानटी जनावरं खालून गेलेली दिसली, वाघ ८९ वेळा. बाजूच्या झाडीचा आडोसा थेट तोंडापर्यंत गेला की जनावर ती वाट धरतं. शिवाराला हाच नियम लागू. वाट रुंद नसली तरी चालेल, पण मधे तुटली की संपलं.

आणि आपल्याकडची वाट किती लांब आहे बघा. टिपेश्वर अभयारण्य यवतमाळचं, आमच्या किनवटच्या जवळच. तिथनं २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला, गळ्यात कॉलर होती म्हणून कळलं. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करत करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सगळं मिळून ३००० किलोमीटरच्या वर चालला. बहुतेक रात्री चालायचा, दिवसा ओढ्यात नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचा. एवढ्या वाटेत माणसाशी एकदाच झटापट झाली, तीही लोक तो बसला होता त्या झुडपाजवळ गेले म्हणून. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात दिसला. आणि २०२४ च्या डिसेंबरात येडशीत जो वाघ आला तोही तिकडचाच. तो रस्त्यांवरून आला नाही. कुणाच्या तरी ओढ्यातून, कुणाच्या तरी बांधावरून आला. त्यातला एक ओढा तुमचाही असेल.

कडबा_पेंढी

येडशीच्या वाघानं तिकडं बार्शी भागात जनावरं मारली ते बी लिहा ताई. ज्याची गाय गेली त्याला ३००० किलोमीटरचं कौतुक नाही.

रानवाट

मान्य. मारली. गाईची भरपाई वेळेत आणि पूर्ण मिळालीच पाहिजे, यावर मी तुमच्या बाजूनं कुठंही उभी राहीन. मादी नसलेल्या मुलखात तो एकटा अडकला म्हणूनच त्याला पकडून दुसरीकडं न्यायची धडपड करावी लागली.

मेंढका

एक विसरलं सगळ्यांनी. दुष्काळ. आपण मराठवाड्याचे, आपल्याला सांगायला पाहिजे का? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जनावराला कुठली रेल्वे? जी चालत पाण्याकडं गेली ती वाचली, मधे अडकली ती मेली. कठडे नसलेल्या विहिरींत किती पडली त्याची गणती नाही. आमच्या माळावरचे ससे, तित्तर, खोकड सगळं त्या साली संपलं. रात्री बॅटरी मारली तर एक डोळा चमकत नव्हता. आणि परत कुठून आलं? कुणी आणून सोडलं नाही. डोंगराकडं जिथं झरा टिकला तिथं थोडी उरली होती, ती पाऊस झाल्यावर ओढ्या-ओढ्यानं खाली उतरली. दोन-तीन वर्षांत माळ परत बोलायला लागला. ज्या माळाला ओढा जुळलेला नव्हता, चारी बाजूंनी ऊस नि कुंपण, तिथं आजबी सामसूम आहे.

माळावरचा_अण्णा

हेच. लाख बोललास बाबा.

कडबा_पेंढी

रानवाट ताईंनी विचारलं होतं काठावर काय उगवलंय. उत्तर द्यायचं टाळत होतो, पण मेंढका भाऊचं वाचून लिहितो.

पाच वर्षं तिथं सोयाबीन घेतलं, चांगलं आलं. यंदा सप्टेंबरात जो पाऊस झाला तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, धाराशिव-बीड-लातूर सगळीकडं. सरळ केलेल्या ओढ्यानं पाणी असं आलं जसं पाइपातनं यावं. बावीस गुंठे कमावले होते, तीस गुंठ्यांची माती खरडून गेली, खाली पांढरा मुरूम उघडा पडलाय. माझ्या वरच्या शेतकऱ्यानं ओढा तसाच ठेवला होता, वाकडा, झाडीसकट. त्याच्या काठाला गाळ येऊन बसला. माझी माती त्याच्याकडं नाही गेली, पण त्याची त्याच्याकडंच राहिली. आणि आता माझ्या मुरमावर, ताई, गाजरगवत आहे.

डुकरांचा त्रास कमी झाला का? नाही झाला. ऊस आहे चारी बाजूला.

करडईचं_फूल

दादा, एवढं मोकळेपणानं लिहिलंत, लई मोठी गोष्ट आहे. शिंदी आणि करंज लावा काठाला, शिंदीची मुळं माती धरून ठेवतात. रोपं लागली तर सांगा, आमच्या गटाच्या रोपवाटिकेत करंज आहे.

शिवारातला

सगळ्यांचे आभार. परवा येळवस झाली, काय घडलं ते सांगतो.

रानात कोपी (कडब्याची खोप) केली होती, पांडव मांडले, पूजा झाली, शेताभोवती आंबील शिंपडून झाली. भज्जी-भाकरी खाऊन सगळे कोपीपाशी बसले तेव्हा मी विषय काढला. वाघाचं सांगितलं, त्यावर कुणी फार बोललं नाही. अण्णांचा बोकड सांगितला तेव्हा चुलते हसले. कडबा_पेंढी दादांची खरडलेली जमीन सांगितली तेव्हा मात्र चुलते गप्प झाले, कारण यंदा आमच्या शेजाऱ्याचंही तेच झालंय आणि ते रोज बघायलेत.

मग आमची आजी बोलली. ती सहसा बोलत नाही. म्हणाली, ७२ च्या दुष्काळात या ओढ्यात झिरा उकरून आम्ही पाणी भरायचो, आणि पहाटं जायचो तर आमच्या आधी हरणं येऊन पाणी पिऊन गेलेली असायची, ओल्या वाळूत खुरं उमटलेली. आम्ही झिऱ्याला झाकण घालायचो नाही. एवढंच बोलली आणि पान लावायला लागली.

मशीन यायचं रद्द झालं. चुलत्यांची अट आहे, हरभऱ्याभोवती झटका मशीन (तारेत हलका करंट सोडणारं) लावायचं, त्याचे पैसे मी द्यायचे, आणि महिन्यातले आठ दिवस जागल माझी. मी हो म्हणलोय. तार ओढ्याकडं न्यायची नाही असं ठरलंय, म्हणजे वाट मोकळी राहती. खालच्या जुन्या विहिरीला कठडा बांधायचाय. शेजाऱ्याच्या हद्दीत जिथं तुटलंय तिथं बांधावर बोरी-करंज लावू देतो का म्हणून त्याला विचारलं, तो म्हणला पावसाळ्यात बघू.

जालनेकर

रात्री जागलीला कधी बोलवा, मी गाडी तिकडनं वळवतो. चहा मी आणतो.

शिवारातला

या की दादा, नक्की.

आणि एक, काल सकाळी ओढ्यात ओलीत पाय उमटले होते. कुत्र्यापेक्षा मोठे, नखं दिसायलीत, पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा आहे. चुलतेच मला दाखवायला घेऊन गेले. लांडगा का?

मेंढका

पुढचा एवढा मोठा असंल तर लांडगा नाही. तरस आहे. कुठल्या तोंडानं गेलंय, खाली का डोंगराकडं?

शिवारातला

खाली. मांजरेकडं.